अनवरी आपांची फाईल

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बिडकीनला आमच्या गल्लीत भांडण लागलं की बाया मला हाक मारायच्या, "सुलेखाला बोलवा, ती सरळ करती." तरी सहा वर्षं मी एका बाईसमोर एक साधी गोष्ट बोलले नाय. ती बाई म्हणजे आमच्या अनवरी आपा. अन त्या न बोललेल्या गोष्टीपायी पिशोरच्या एका म्हातारीच्या जिवाशी खेळ होता होता राहिला.

आमचं ऑफिस संभाजीनगरला, सिडकोत, एन-सहाला, पिठाच्या गिरणीवर. खाली गहू पडला की वर टेबलावरचा चहा थरथरतो. माणसं सात. मालक वासिफभाई, पण तोही आपांचाच जुना विद्यार्थी, त्यामुळं त्याचा मालकपणा आपा आल्या की संपतो. आम्ही डायलिसिस सेंटरांसाठी सॉफ्टवेअर करतो. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर चार तास रक्त धुऊन घ्यावं लागतं. कुठला पेशंट, कुठल्या पाळीला, कुठल्या मशीनवर, हे आमचा प्रोग्राम ठरवतो. नऊ सेंटरांत तो चालतो.

आपा शहागंजातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याची पोर. लहानपणी बापाशेजारी बसून भिंगातून घड्याळाची चाकं बघायच्या. तिथं कारागिरांची एक रीत होती. ज्यानं घड्याळ उघडलं त्यानंच ते मिटवायचं, मधेच दुसऱ्यानं चिमटा घालायचा नाय. अन मिटवताना झाकणाच्या आतल्या बाजूनं सुईच्या टोकानं आपली खूण कोरायची. दहा वर्षांनी घड्याळ परत आलं तरी कळायचं, हे कुणाच्या हातचं. आपा सांगायच्या, "अब्बांची खूण असली ना, की गिऱ्हाईक दुसरं काही विचारत नव्हतं."

नंतर टायपिंगच्या क्लासात एक कम्प्युटर आला. एकच होता, म्हणून मुलींनी त्याला शिवायचं नाय असा हुकूम. ही बाई रोज अर्धा तास आधी जाऊन क्लास झाडायची अन त्याबदल्यात दहा मिनिटं त्या कम्प्युटरवर बसायची. त्या दहा मिनिटांतून पुढं तिनं रोशन गेटला स्वतःचा क्लास काढला, शेकडो पोरं-पोरी शिकवल्या. त्यातली मी एक. घरी आईबापाला वाटायचं पोरगी नर्स होईल, आपांनी वडलांना बोलावून घेतलं अन म्हणाल्या, "भाऊ, हिचं डोकं गरम आहे पण चालतं. मला द्या." मी आज जी कोण आहे ती त्या एका वाक्यामुळं आहे.

वासिफभाईनं कंपनी काढली तेव्हा सुरुवातीला सगळ्यांचे हात सगळ्या कामात. काही बिघडलं अन कुणी केलं विचारलं की सगळे पंख्याकडं बघायचे. आपांना ते खपेना. त्यांनी अब्बांच्या दुकानाची रीत इथं लावली. प्रोग्रामच्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर एकाचं नाव. ज्याची फाईल, त्याचीच जिम्मेदारी. दुसऱ्यानं उघडायची तर आधी इजाजत मागायची. आपांच्या फाईलची चाचणीही आपाच घेणार. खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं ती रीत आम्हाला लई मानवली. कामचुकारपणा गेला. आपल्या नावाची फाईल म्हटलं की माणूस जिवापाड जपतो.

पण हळूहळू काय झालं, इजाजत मागायलाच लोक भ्यायला लागले. एका पोरानं आपांना त्यांच्या फाईलमधली चूक दाखवली होती. आपा काही बोलल्या नाहीत. फक्त दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत अन आपला कप घेऊन गच्चीवर जाऊन चहा पिऊ लागल्या. त्या दोन दिवसांची दहशत आम्हाला पुढं सहा वर्षं पुरली. आपांच्या फाईलचं उत्तर पटलं नाय, की जो तो गुपचूप आपल्या फाईलमधे ठिगळ लावायचा. मोठ्या कंपन्यांतले लोक असल्या साठलेल्या उरकाउरकीला टेक्निकल डेट म्हणतात, आम्ही ठिगळंच म्हणायचो. नवीन काही करायचं म्हटलं की दोन दिवसांचं काम तीन आठवडे खायचं, कारण आधी कुठं कुठं कुणाची ठिगळं आहेत ते चाचपडत जायचं. अन विचारायची सोय नाय.

माझं ठिगळ कन्नड गावच्या सेंटरचं. आपांच्या फाईलमधे पेशंटचा मशीन नंबर ठरतो, माझ्या फाईलमधून तो स्क्रीनवर दिसतो. आपांचा हिशोब शून्यापासून सुरू व्हायचा. शहरातल्या सेंटरला ते बरोबर होतं, तिथं शून्य नंबरचं एक मशीन राखीव असतं. कन्नडला राखीव मशीन नाय, एक ते सहा अशी साधी सहा मशीनं. तिथं आपांची फाईल प्रत्येकाला एक नंबर कमी सांगायची. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एक वाक्य बोलायचं होतं, "आपा, कन्नडला शून्य नाय." पण त्याच सुमाराला आपांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या आधीच हळव्या झालेल्या. मला तो गच्चीवरचा कप आठवला. मी माझ्या फाईलमधे कन्नडसाठी एक ओळ टाकली: जो नंबर येईल त्यात एक मिळव. झालं. सहा वर्षं सुरळीत चाललं.

तेव्हा मी स्वतः कन्नडला स्क्रीन बसवायला गेले होते. तिथं भामाबाई भेटल्या. पिशोरच्या, साठी ओलांडलेल्या, जीपनं यायच्या. डाव्या हातावर सुयांची जागा दोरखंडासारखी फुगलेली. मला उकडलेल्या शेंगा दिल्या अन स्क्रीनकडं बोट करून म्हणाल्या, "बाई, ही पाटी चुकली म्हंजी?"

मी तोऱ्यात म्हणाले, "मावशी, ती चुकत नाय."

आता सहा नंबरच्या मशीनचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. ज्या पेशंटला हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ असते, त्याच्यासाठी मशीन वेगळं ठेवतात. दुसऱ्या कुणाला त्यावर घ्यायचं नाय, म्हणजे नायच. कन्नडला असे एकच पेशंट, कारभारीबाबा. त्यांच्यासाठी सहा नंबर. मशीनवर पिवळी पट्टी लावलेली असायची.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोमवार. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. कन्नडचा टेक्निशियन बुद्धभूषण. आठच दिवसांपूर्वी लागलेला, हसतमुख पोरगा.

"मॅडम, एक गंमत सांगू का? स्क्रीन म्हणतीया, संध्याकाळच्या पाळीला कारभारीबाबाला सात नंबरवर घ्या. आमच्याकडं सात नंबर हायेच कुठं?"

मी पण हसले. म्हटलं, "बघते."

"बघा. अन आज सगळेच एकेक नंबर पुढं सरकलेत. पेशंट कुरकुर करतेत. सकाळच्या पाळीला शनिवारची छापील यादी होती, आता साडेअकराची पाळी स्क्रीनवरून घेतोय."

सगळे एकेक पुढं. म्हणजे पाच नंबरचा पेशंट सहावर.

"बुद्धभूषण, थांबा! कुणालाही लावू नका. सहा नंबरवर पिवळी पट्टी दिसती ना तुम्हाला?"

"पट्टी? भिंतीला रंग दिला ना मागल्या आठवड्यात, तवा समदी मशीनं पुसून काढली. मॅडम, माझे हात भरलेत, मशीनं तयार करतोय, मागून लावतो फोन."

कट.

मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला. हातमोजे घातले की ते लोक फोन कपाटात ठेवतात, मला ते ठाऊक होतं, तरी मी लावतच राहिले. सेंटरचा लँडलाईन लावला, तो रस्ता खोदल्यापासून मुका. सेंटरच्या डॉक्टरीणबाई सोमवारी शहरात ऑपरेशनला असतात, त्यांचा फोन बंद. कन्नड साठ किलोमीटर. अन माझ्या स्क्रीनवर साडेअकराच्या पाळीत सहा नंबरसमोर नाव होतं: भामाबाई, पिशोर.

मी माझी फाईल उघडली, तिला कुणी हात लावलेला नव्हता. मग मी जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. आपांची फाईल उघडली, इजाजत न मागता. वरती त्यांचं नाव. खाली शुक्रवारची तारीख, अन आपांच्या हातची एक स्वच्छ, नेटकी दुरुस्ती, जी रविवारी रात्री सेंटरला पोचली होती: कन्नडला मोजणी एकपासून. आपांना स्वतःची चूक स्वतःच सापडली होती. त्यांनी ती सुधारली, स्वतः तपासली, बरोबर आली. कुणाला सांगायचं काय कारण? फाईल त्यांची होती. अन माझं ठिगळ माझ्या फाईलमधे जागच्या जागी. त्यांनी एक वाढवला, मी आणखी एक वाढवला.

मी उठून त्यांच्या टेबलाजवळ गेले. आपा चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी वाचत होत्या.

"आपा, कन्नडचे नंबर चुकलेत. तुम्ही शुक्रवारी दुरुस्ती केली ना, ती..."

त्यांनी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"मी फाईल उघडली."

"मेरी फाइल? किससे पूछ के?"

"आपा, वेळ नाय! तुमची फाईल कन्नडला सहा वर्षं एक कमी सांगत होती. मी माझ्याकडून एक वाढवत होते. आता तुम्ही बरोबर केलं अन माझं तसंच राहिलं. भामाबाईला सहावर घेतायत, कारभारीबाबाच्या मशीनवर!"

आपांनी फक्त एक शब्द उचलला. "छे साल?"

मी मान हलवली.

"सहा वर्षं तुला माहीत होतं, माझं चुकतंय. अन तू मला सांगितलं नाय. मी तुझी कोण होते, सुलेखा?"

काय सांगू, त्या क्षणी मला रडूही येत होतं अन डोक्यात तिडीकही गेली होती. मी ओरडले, "सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? कप घेऊन गच्चीवर गेला असतात!" सगळं ऑफिस टेबलांवरून मान वर काढून बघायला लागलं. खाली गिरणी चालूच होती. आपांचा चेहरा पांढराफट पडला. त्या आपल्या कम्प्युटरकडं वळल्या. मी माझ्या टेबलाकडं धावले. घड्याळात अकरा एकवीस.

एका हातानं मी माझी ती ओळ काढून टाकली अन बदल कन्नडला पाठवून दिला. दुसऱ्या हातात फोन. पण स्क्रीन बरोबर होऊन काय उपयोग? पेशंट एकदा खाटेवर घेतला की कोण परत स्क्रीन बघतं? मला खाटेवरचं माणूस पाहिजे होतं. पेशंटला परस्पर फोन करायचा नाय, हा कंपनीचा पक्का नियम. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. भामाबाईंच्या नोंदीतला मोबाईल नंबर लावला.

वाजला, वाजला, बंद झाला.

परत लावला. आठव्या की नवव्या घंटीला उचलला. "कोन हाय?"

"मावशी, मी सुलेखा. संभाजीनगरहून. स्क्रीन बसवायला आले होते, तुम्ही मला शेंगा दिल्या होत्या."

"व्हय व्हय! त्या टायमाची बाई! अगं मी आत्ता मशीनवर हाय..."

"सुई लावली का? मावशी, सुई लावली का?"

"नाय आजून. पोरगा हात पुसतोया. आज मला सहावर घेतलं बग, रोज पाचवर आसती मी."

"मावशी, हात आखडून घ्या! त्याला लावू देऊ नका. ते मशीन तुमचं नाय. हात पोटाशी धरा, काय वाट्टेल ते करा, पण सुई लावू देऊ नका!"

मग भामाबाईंचा आवाज आला, पण माझ्याशी नाय, अन एवढा मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. "ए पोरा! हो मागं! हात लावशील तर बग! मागं हो म्हंते ना!" काहीतरी ट्रे पडल्याचा आवाज. बुद्धभूषण काकुळतीला येऊन म्हणत होता, "मावशी, असं काय करताय, मावशी..." अन म्हातारी, "आदी ह्या बाईशी बोल!"

फोन त्याच्या हातात आला. मी त्याला सहा नंबर कुणाचं आहे ते सांगितलं. पोरगा एकदम गारच पडला.

"मॅडम, मी... मला कुणी... मी लावलीच होती सुई."

"लावली नाय ना?"

"नाय. एवढं बोट लांब होती."

मी खुर्चीत बसले. अकरा सत्तावीस झाले होते. मला वाटलं संपलं. अन तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा, स्क्रीनवर बदललं बघा आता. भामाबाई चारवर दाखवतंय."

"चार? पाच पाहिजे."

"चारच हाय. अन कारभारीबाबा पाचवर."

मी वळून आपांकडं बघितलं. त्याही माझ्याकडंच बघत होत्या, बोट अजून कीबोर्डवर. त्यांनी त्यांची शुक्रवारची दुरुस्ती काढून टाकली होती. मी माझं ठिगळ काढलं होतं. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता. आता सगळे एक नंबर मागं गेले होते. संध्याकाळी चार वाजता कारभारीबाबाला ज्या मशीनवर झोपवलं असतं, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसराच पेशंट आला असता.

"तू हात लावलास?" आपांनी विचारलं.

"तुम्ही?"

मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. माणूस मरता मरता राहिलं, अन तरी आम्ही तेच केलं होतं.

आपा उठल्या. त्यांनी आपल्या कम्प्युटरचा पडदा बंद केला अन खुर्ची ओढत माझ्या टेबलाकडं आणू लागल्या. फरशीच्या फटीत चाक अडकलं, वासिफभाई उचलायला धावला, त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. खुर्ची माझ्या शेजारी लावून बसल्या. सहा वर्षांत त्या माझ्या टेबलाशी पहिल्यांदा बसत होत्या. म्हणाल्या, "फोन स्पीकरवर टाक. त्या पोराला सांग, स्क्रीन बंद कर, कागद घे. मी नाव वाचते, तू नंबर वाच. तू चुकलीस तर मी बोलेन, मी चुकले तर तू बोल. आवाज चढव हवा तर."

पाच खाटांच्या तीन पाळ्या, सहावर एकटे कारभारीबाबा, अशी सोळा नावं; सकाळची पाळी होऊन गेली होती, तरी तीही धरली. आम्ही एकेक नाव दोनदोनदा वाचलं. चौदाव्या नावाला त्या चुकल्या. मी म्हणाले, "आपा, चुकलं." त्यांनी कागदावर काट मारून परत वाचलं. बस्स, एवढंच झालं. आकाश कोसळलं नाय. मला तेव्हा वाटलं, अरे, एवढंच होतं?

दुपारी वासिफभाईनं सांगितलं, सेंटरच्या डॉक्टरीणबाईंना लेखी कारण पाहिजे, अन जबाबदार माणसाचं नाव पाहिजे. तो घाबरला होता. नऊ सेंटरांत ही बातमी फिरली तर कंपनी बसते. मला माहीत होतं, नाव आपांचं जाणार, मुळात चूक त्यांच्या फाईलची म्हणून. चोपन्न वर्षांची बाई, जिच्या खुणेवर लोक विश्वास टाकतात, तिच्या नावावर हा डाग? माझ्यानं बघवलं नसतं. मी जिन्यात उभी राहून मोबाईलवर पत्र लिहिलं अन परस्पर डॉक्टरीणबाईंना पाठवून दिलं. चूक सर्वस्वी माझी आहे, मी सहा वर्षं ही गोष्ट लपवून ठेवली, अनवरी मॅडमचा काही संबंध नाय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वासिफभाईनं स्पीकरवर टाकला, आपा अन मी समोर.

"माझ्याकडं दोन पत्रं आलीत," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण चढा नव्हता. "एकात सुलेखा लिहितात, चूक फक्त माझी. दुसऱ्यात अनवरी मॅडम लिहितात, चूक फक्त माझी, सुलेखानं तर पेशंट वाचवला. म्हणजे कालचं एवढं होऊनसुद्धा तुम्ही दोघींनी एकमेकींना न विचारताच लिहिलं. मग माझे पेशंट कुणाच्या भरवशावर ठेवू मी?"

मी आपांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तुमची स्क्रीन मी बंद केलीय," बाई पुढं म्हणाल्या. "खडू-फळ्यावर चालवतोय. परत सुरू करायची असेल तर गुरुवारी दोघी या. मला नाय, भामाबाईंना सांगा काय झालं ते."

गुरुवारी सकाळी आम्ही एसटीनं कन्नडला निघालो. आपा खिडकीशी. वाटेत त्यांनी पिशवीतून वही काढली अन त्या तीन दिवसांत शोधलेली ठिगळं मला वाचून दाखवली. एकट्या त्यांच्या फाईलभोवती एकतीस. एकतीस वेळा कुणीतरी त्यांना काही सांगायचं टाळलं होतं. वही मिटून त्या म्हणाल्या, "अब्बांच्या दुकानात एकच कारागीर घड्याळ उघडायचा, हे खरं. पण बाकीचे शेजारीच बसायचे गं. तो अडला की मोठ्यानं विचारायचा. मी उघडणं-मिटवणं तेवढं उचललं, विचारणं विसरले." मग घाटाकडं बघत बसल्या. "गच्चीवरचा चहा मला पण गोड नव्हता लागत, सुलेखा."

मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

सेंटरवर भामाबाई पाच नंबरच्या खाटेवर होत्या. मला बघून उठून बसल्या अन माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "हीच ती बाई! हिनं वाचिवलं मला! माझ्या पोटच्या पोरीनं केलं नसतं." शेजारच्या खाटेवरच्या लोकांना दाखवायला लागल्या. पिशवीत माझ्यासाठी शेंगा होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन माझं हे फटकळ तोंड, भामाबाईंच्या त्या कौतुकापुढं, उघडेचना.

आपा पुढं झाल्या. "अम्मा, ऐकून घ्या. तुम्हाला सहावर आम्हीच पाठवलं होतं. हिला माझी चूक माहीत होती, हिनं सांगितली नाय. मी चूक सुधारली, मी पण सांगितली नाय. आम्ही दोघींनी मिळून पाठवलं."

भामाबाईंचा हात माझ्या गालावरून खाली आला. त्यांनी एकदा आपांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मला म्हणाल्या, "तू म्हनली व्हतीस, पाटी चुकत नाय."

"व्हय मावशी."

"चुकती मग."

"चुकते."

शेंगांची पिशवी त्यांनी परत उशाशी ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बुद्धभूषण ट्रे घेऊन आला. त्यानं हात पुढं करायला सांगितलं तशी भामाबाईंनी हात पोटाशी आखडून धरला, सोमवारी मी सांगितला होता तसाच. म्हणाल्या, "आता हर टायमाला इचारनार मी. आदी सांगा, कोनचं मशीन?" अन त्यांनी विचारलं ते बुद्धभूषणला नाय, आपांना.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. आपांनी चष्मा लावून फळा वाचला. मशीनवरचा नंबर वाचला. उत्तर त्यांना दिसत होतं, त्या नुसतं बोलून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या थांबल्या, माझ्याकडं वळल्या अन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुलेखा, मला पाच वाटतंय. तू बघ."

मी फळा बघितला. मशीन बघितलं. वाकून मागची पाटीसुद्धा बघितली.

"पाचच, आपा."

भामाबाईंनी हात सोडला अन पुढं केला.